पातेलं कोणाचं? लॅबव्ह्यूच्या स्वयंपाकघरातली ओपनसीव्ही

लॅबव्ह्यू या चित्रमय भाषेतून ओपनसीव्ही ही चित्रप्रक्रियेची लायब्ररी पहिल्यांदा चालवून पाहणाऱ्याच्या वाट्याला बहुधा एक काळी चौकट येते. कॅमेऱ्याचं रंगीत चित्र आत जातं, ते करड्या छटांत उतरवणारं फंक्शन चालतं, काही चुकल्याची खूण कुठेच उमटत नाही, आणि पडद्यावर मात्र मिट्ट अंधार. माझे या अंधारात दोन दिवस गेले. दिवे बदलले, केबल बदलली, लेन्सचं झाकण काढलंय ना हेही दोनदा पाहिलं. शेवटी कळलं की उत्तर बिनचूक तयार होत होतं. फक्त मी पुढे केलेल्या भांड्यात ते पडत नव्हतं.

असं का झालं ते पुढे सांगतोच. पण लॅबव्ह्यू आणि ओपनसीव्ही या दोघींना एका स्वयंपाकघरात नांदवण्याच्या जेवढ्या वाटा आजवर निघाल्या, त्या प्रत्येक वाटेवर हाच प्रश्न वेगळं सोंग घेऊन उभा राहतो. चित्र ज्या मेमरीत ठेवलंय ती कोणाच्या मालकीची? ती मोकळी कधी करायची, आणि ते ठरवायचं कोणी? थोडक्यात, पातेलं कोणाचं? गणिताने, अल्गोरिदमने अडलेली माणसं मी या कामात फार पाहिली नाहीत. पातेल्यावर अडलेली मात्र पुष्कळ पाहिली.

दोघींपैकी वयाने मोठी लॅबव्ह्यू. अमेरिकेत टेक्ससमधल्या ऑस्टिनला जेम्स ट्रुचर्ड, जेफ कोडोस्की आणि बिल नोलिन यांनी १९७६ साली नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी काढली, आणि दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, मॅकिंटॉश संगणकावर लॅबव्ह्यूची पहिली आवृत्ती आली. तिचं जनकत्व कोडोस्कींकडे दिलं जातं. प्रयोगशाळेतल्या माणसाला यंत्रं तारांनी जोडण्याची सवय असते, मग प्रोग्रामही त्याला तसाच जोडता यावा, हा विचार. त्यामुळे इथे ओळी लिहायच्या नसतात. ब्लॉक डायग्रामवर चौकोन मांडायचे आणि त्यांच्यामध्ये तारा ओढायच्या. एखाद्या चौकोनात येणाऱ्या सगळ्या तारांवर माल पोहोचला की तो चौकोन चालतो. वरचा आधी की खालचा आधी, हा प्रश्नच नाही; तार सांगेल तो क्रम. दोन चौकोनांमध्ये तार नसेल तर ते एकाच वेळी चालू शकतात. या भाषेचं नाव 'जी'. ते नाव वापरणारे फार थोडे, सगळे भाषेलाही लॅबव्ह्यूच म्हणतात.

तारेचा एक अलिखित करार असतो. तिच्यावरून वाहतं ते मूल्य, म्हणजे खुद्द वस्तू. वस्तूचा पत्ता नव्हे. तार दोन फाट्यांत विभागली तर दोन्हीकडे आपापला स्वतंत्र माल गेला असं समजायचं. एका फाट्यावर कोणी त्यात काही कालवलं तरी दुसऱ्याला त्याची चव लागत नाही. खरोखर नक्कल कधी करायची आणि कधी टाळायची, हे लॅबव्ह्यूचा कंपायलर पडद्याआड ठरवतो. वापरणाऱ्याने मेमरीचा विचारच करू नये, अशी ही व्यवस्था.

ओपनसीव्हीचं माहेर नेमकं उलट वळणाचं. १९९९ मध्ये इंटेलमध्ये गॅरी ब्रॅडस्कीने हा प्रकल्प सुरू केला आणि २००० मध्ये तो लोकांसमोर आला. इंटेलने हे धर्मादाय म्हणून केलं नव्हतं. चित्रांवर प्रक्रिया करणारे प्रोग्राम वाढले की वेगवान प्रोसेसरांना गिऱ्हाईक वाढणार, हा सरळ हिशेब होता. २००५ मध्ये वाळवंटातली विनाचालक गाड्यांची शर्यत जिंकणाऱ्या स्टॅनफर्डच्या 'स्टॅनली'च्या दृष्टीयंत्रणेत ही लायब्ररी होती. १.० आवृत्ती निघाली ती त्यानंतर, २००६ मध्ये. आज तिच्यात अडीच हजारांहून अधिक अल्गोरिदम आहेत. ती मुक्तस्रोत आहे, फुकट आहे, आणि चित्र हाताळताना ती पत्त्यांवर जगते. तिच्या 'मॅट' नावाच्या वस्तूत आकार, प्रकार आणि 'पिक्सेल अमुक पत्त्यावर आहेत' एवढी चिठ्ठी असते. मॅटची साधी नक्कल केली तर चिठ्ठीचीच नक्कल होते, पिक्सेल तेच राहतात. किती चिठ्ठ्या एकाच पत्त्याकडे बोट दाखवतायत याची मोजदाद आत चालू असते, आणि शेवटची चिठ्ठी फाटली की मेमरी मोकळी होते.

एकीकडे 'माल वाहतो' म्हणणारी, दुसरीकडे 'पत्ता दे, मी जाऊन येते' म्हणणारी. मग यांची गाठ मारायचीच कशाला?

पहिलं कारण पैशांचं. लॅबव्ह्यूसाठी कंपनीचं स्वतःचं 'व्हिजन डेव्हलपमेंट मॉड्यूल' आहे. कडा शोधणं, ठरलेला आकार हुडकणं, बारकोड वाचणं, माप घेणं ही कारखान्यातल्या तपासणीची बहुतेक कामं त्यात होतात आणि चांगली होतात. पण त्याचे पैसे वेगळे, आणि तयार प्रोग्राम ज्या पीसीवर बसवायचा त्याचा रनटाइम परवाना आणखी वेगळा. दुसरं कारण, नवं संशोधन आधी ओपनसीव्हीत उतरतं. ठिपक्यांवरून दोन चित्रांची जुळणी, हलणाऱ्या दृश्यातून स्थिर पार्श्वभूमी वेगळी काढणं, ॲरूको चौकोनांवरून वस्तूची जागा ओळखणं, शिकवून तयार केलेली न्यूरल नेटवर्क चालवणं, यातलं पुष्कळ काही तिच्यात हाताशी असतं. तिसरं कारण माणसांचं, आणि मला तेच सगळ्यात खरं वाटतं. आयआयटी मुंबईच्या 'ई-यंत्र' स्पर्धेतून किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टमधून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या बोटांत पायथनमधली ओपनसीव्ही असते. ती मुलं नोकरीला लागतात तिथे चाचणीचं यंत्र मात्र दहा वर्षांपूर्वी कोणीतरी लॅबव्ह्यूत बांधलेलं असतं, आणि ते उत्तम चालत असतं. ते पाडून नवं बांधायला कोणी पैसे देत नाही. मग म्हणायचं, कॅमेऱ्यापुरती तेवढी खिडकी पाडा.

खिडकी पाडायचा सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात भक्कम मार्ग डीएलएलचा, म्हणजे तयार फंक्शनांच्या वेगळ्या फाइलीचा. लॅबव्ह्यूत 'कॉल लायब्ररी फंक्शन नोड' नावाचा एक चौकोन आहे. बाहेरच्या डीएलएलचं नाव द्या, फंक्शनचं नाव द्या, काय आत जाणार आणि काय बाहेर येणार ते सांगा, झालं. पण या चौकोनाला सी भाषेची साधी बोली समजते: आकडे, ॲरेचा पत्ता, अक्षरांची ओळ. ओपनसीव्हीची पहिली पिढी सी भाषेतच होती, तेव्हा ही भेट निदान शक्य कोटीतली होती. २००९ मध्ये दुसरी आवृत्ती आली तिने सी++ चा संसार थाटला, आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीने जुन्या सी बोलीचा मोठा भाग काढूनच टाकला. सी++ चा कंपायलर फंक्शनच्या नावांना आपल्या पद्धतीची शेपटं लावतो, आणि मॅटसारखी वस्तू लॅबव्ह्यूच्या चौकोनाला ना घेता येते ना देता येते. त्यामुळे मध्ये स्वतःची एक छोटी डीएलएल लिहावी लागते. बाहेरून ती सीमध्ये बोलते आणि आत सी++ मध्ये. अनुभवी लोक हिला 'रॅपर' म्हणतात. मी 'मधली' म्हणतो, कारण लग्नात मध्यस्थाला करावं लागतं ते सगळं तिला करावं लागतं.

आता त्या काळ्या चौकटीची गोष्ट. मधल्या डीएलएलला लॅबव्ह्यू दोन ॲरे देते: एकात कॅमेऱ्याचं चित्र, दुसरा रिकामा, उत्तरासाठी. मधली त्या दोन्ही पत्त्यांवर मॅटच्या चिठ्ठ्या चिकटवते. पिक्सेल हलवायचे नाहीत, फक्त चिठ्ठी, वेळही वाचतो. मग ओपनसीव्हीला सांगायचं, याचं करून त्यात टाक. ओपनसीव्हीची रीत अशी की उत्तराचं भांडं आधी पारखायचं. आकार आणि प्रकार हवा तसाच असेल तर त्यात वाढायचं. जरा जरी वेगळा असेल तर तक्रार न करता आपलं नवं पातेलं काढायचं, त्यात सगळं करायचं आणि चिठ्ठीवरचा पत्ता बदलून टाकायचा. मी उत्तराच्या मॅटला ओळी आणि स्तंभ उलटे दिले होते. १०२४ ओळी, १२८० स्तंभ असं हवं होतं. घाईत रुंदी आधी लिहिली गेली. ओपनसीव्हीने पाहिलं, हे पातेलं आपल्या मापाचं नाही. तिने स्वतःचं घेतलं, आमटी फक्कड केली, फंक्शन संपलं तशी चिठ्ठी फाटली आणि पातेल्यासकट आमटी मोरीत गेली. लॅबव्ह्यूचं पातेलं जसं आलं तसं, कोरं, परत गेलं. कोणीच खोटं बोललं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक फंक्शनच्या शेवटी एक ओळ लिहितो: उत्तराच्या मॅटचा पत्ता सुरुवातीला होता तोच आहे ना? नसेल तर चूक झाल्याचा आकडा परत कर.

याच्या उलट बाजूची चूक जास्त महागात पडते. काही जणांना वाटतं की पत्ता एकदा मिळालाय, तर मधल्या डीएलएलने तो जपून ठेवावा, पुढच्या वेळी कामाला येईल. पण लॅबव्ह्यूने दिलेला पत्ता त्या एका बोलावण्यापुरताच असतो. फंक्शन परतलं की लॅबव्ह्यू तो ॲरे दुसरीकडे हलवू शकते, पुसू शकते, दुसऱ्या कामाला लावू शकते. शेजाऱ्याचं पातेलं चार दिवस आपल्या फडताळात ठेवून पाचव्या दिवशी 'आपलंच आहे' म्हणून हात घालावा, तसं होतं. कधी जुनी आमटी मिळते, कधी हात भाजतो, कधी आख्खी लॅबव्ह्यूच बंद पडते. तेही लगेच नाही, तर एखाद्या दुपारी, भलत्याच चौकोनावर.

मजा अशी की चित्रांच्या बाबतीत लॅबव्ह्यूने स्वतःचा करारही आधीच मोडलेला आहे. तिच्या व्हिजन मॉड्यूलमधली 'आयमॅक' इमेज तारेवरून वाहते ती पत्त्याच्याच रूपात. तार फोडली तरी चित्र एकच राहतं, आणि एकाच नावाच्या दोन इमेज म्हणजे एकच मेमरी. लॅबव्ह्यूत मुरलेली माणसंही पहिल्यांदा इथे ठेच खातात. याचं कारण समजण्यासारखं आहे. १९२० बाय १०८० चं एक रंगीत चित्र, दर पिक्सेलला ४ बाइट धरले तर सुमारे ८३ लाख बाइटचं होतं. सेकंदाला ३० चित्रं येत असतील तर एका अनावश्यक नकलेपायी दर सेकंदाला सुमारे २५ कोटी बाइट इकडून तिकडे न्यावे लागतात. तारेचा आदर्श जपायचा तर यंत्र हमाली करतच बसेल. म्हणून चित्रापुरती तडजोड. हे लक्षात घेतलं की ओपनसीव्हीची पत्त्यांची रीत तितकीशी परकी राहत नाही.

आयमॅक इमेजच्या पिक्सेलचा पत्ता मागून घेण्याची सोय आहे, आणि मेहनती लोक तीच वापरतात. मधला ॲरे टळतो. पण या पत्त्याबरोबर येणारा एक आकडा पुष्कळ जण वाचत नाहीत: एका ओळीची खरी लांबी. आयमॅक चित्राभोवती किनार राखते, ठरवून दिली नाही तर ३ पिक्सेलची, आणि प्रोसेसरला सोयीचं व्हावं म्हणून प्रत्येक ओळ वाढवून ठेवते. चित्र १२८० पिक्सेल रुंद दिसलं तरी मेमरीतली ओळ त्याहून लांब असते. मॅट बनवताना ही लांबी सांगितली नाही तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी सरकते आणि आख्खं चित्र वाऱ्यावरच्या पताकेसारखं तिरपं होतं. पडद्यावर तिरपं चित्र दिसलं की मी आता कोड उघडतसुद्धा नाही, थेट तो आकडा विचारतो.

रंगांची कहाणीही अशीच. ओपनसीव्हीत रंगांचा क्रम निळा, हिरवा, तांबडा असा आहे, दर पिक्सेलला ३ बाइट. आयमॅकचं रंगीत चित्र ४ बाइटांचं, त्यातला चौथा बिनकामाचा. रूपांतर केल्याशिवाय एकीचं दुसरीला पचत नाही, आणि तांबडा-निळा उलटले तर माणसांचे चेहरे निळसर दिसतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याहून फसवी आहे रंगछटेची मोजपट्टी. ८ बिटांच्या चित्रात ओपनसीव्ही छटेचं ३६० अंशांचं वर्तुळ अर्धं करून ० ते १७९ मध्ये बसवते, तर आयमॅक ० ते २५५ मध्ये. एका बाजूला जुळवलेली मर्यादा दुसऱ्या बाजूला जशीच्या तशी उतरवली की हिरवी वायर सापडायची बंद होते आणि पिवळी सापडायला लागते. चूक कुठेही दिसत नाही, कारण दोन्ही आकडे आपापल्या जागी वैध असतात.

कॉल लायब्ररी फंक्शन नोडच्या रंगाकडेही लक्ष ठेवावं. तो नारिंगी असेल तर फंक्शन लॅबव्ह्यूच्या पडद्याच्या धाग्यात (थ्रेडमध्ये) चालतं, म्हणजे ते संपेपर्यंत बटणं, आलेख, सगळं ताटकळत राहतं. पिवळा असेल तर कुठल्याही धाग्यात चालतं आणि दोन ठिकाणांहून एकाच वेळी बोलावलं जाऊ शकतं. नवखा माणूस वेग हवा म्हणून पिवळा करतो, आणि बरोबरच करतो. पण मग मधल्या डीएलएलमध्ये कुठलाही सामाईक डबा असता कामा नये. पार्श्वभूमी वेगळी करणाऱ्या अल्गोरिदमसारख्या गोष्टींना आठवण लागते, मागची चित्रं लक्षात ठेवावी लागतात. अशा वस्तूचा पत्ता एक आकडा म्हणून लॅबव्ह्यूच्या तारेवर सोडायचा आणि दर वेळी परत द्यायचा, अशी पद्धत आहे. तार फोडली आणि दोन लूपनी तो एकच पत्ता वापरला, तर दोन्ही लूप एकाच पातेल्यात डाव घालतात. यावर उपाय जुनाच: एररची तार एका चौकोनातून दुसऱ्यात ओवत जायची, म्हणजे क्रम बांधला जातो. त्या तारेचं मूळ काम चूक सांगण्याचं, पण तिचा वापर दोऱ्यासारखाच जास्त होतो.

आणि ओपनसीव्ही चुकली तर? ती सी++ च्या रीतीप्रमाणे 'एक्सेप्शन' फेकते. ते मधल्या डीएलएलने झेललं नाही तर लॅबव्ह्यूच्या हाती लागतो फक्त १०९७ हा आकडा, म्हणजे बाहेरच्या कोडमध्ये काहीतरी बिनसलं. काय बिनसलं ते नाही. प्रत्येक फंक्शनभोवती झेल घेणारं जाळं लावून खरा निरोप अक्षरांत परत देणं, हे कंटाळवाणं काम जो करतो त्याचं पुढचं वर्ष सुखात जातं.

इथवर वाचून कोणी म्हणेल, एवढी उस्तवार करण्यापेक्षा तयार रॅपर घ्यावा. डॉटनेटचा मार्ग यासाठीच लोकप्रिय झाला. लॅबव्ह्यूला विंडोजवर डॉटनेटच्या वस्तू थेट हाताळता येतात, आणि ओपनसीव्हीचे दोन जाणते डॉटनेट रॅपर आहेत: एमगू सीव्ही आणि ओपनसीव्हीशार्प. अडीच हजारांपैकी बरंच काही तिथे आयतं मांडलेलं असतं. पण पातेल्याचा प्रश्न इथे वेश बदलून येतो. डॉटनेटचा झाडूवाला, म्हणजे गार्बेज कलेक्टर, चिठ्ठ्या पाहतो. चिठ्ठीमागे ८३ लाख बाइट आहेत हे त्याला दिसत नाही. त्याच्या मते घर स्वच्छच आहे, आणि मेमरी मात्र भरत जाते. दर फेरीला प्रत्येक मॅट आपल्या हाताने मोकळी करावी लागते आणि लॅबव्ह्यूतला संदर्भही बंद करावा लागतो. शिवाय ब्लॉक डायग्राम पाहवत नाही. सीमध्ये चार ओळींत होणारं काम इथे प्रॉपर्टी नोड आणि इन्व्होक नोड यांच्या लांबलचक आगगाडीत होतं. चित्रमय भाषा निवडली ती नजरेत भरावं म्हणून, आणि इथे नजर फिरते.

पायथन नोड २०१८ च्या लॅबव्ह्यूत आला तेव्हा अनेकांना वाटलं, आता प्रश्न मिटला. मुलांना येणारी भाषा, तीच ओपनसीव्ही, एका चौकोनात. प्रयोगशाळेत, सेकंदाला एखादं चित्र तपासायचं असेल तिथे हा मार्ग मला खरोखर आवडतो. सकाळी कल्पना सुचली तर दुपारपर्यंत ती चालवून पाहता येते. मात्र ॲरे साध्या पायथन लिस्टच्या रूपात गेला तर १९२० बाय १०८० चे वीस लाखांवर पिक्सेल म्हणजे वीस लाखांवर आकड्यांची लिस्ट. तिथे यंत्र बसकण मारतं. नमपाय ॲरेच्या रूपात पाठवायचा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो. लॅबव्ह्यूच्या आवृत्तीला पायथनची कुठली आवृत्ती चालते, दोन्ही ३२ बिटांच्या आहेत की ६४, हेही जुळावं लागतं. कारखान्यातल्या लाइनवरच्या पीसीवर कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी पायथन नवं केलं आणि तपासणी थांबली, असं होऊ शकतं.

यापेक्षा धीट उपाय म्हणजे दोघींची चूलच वेगळी करणं. ओपनसीव्ही आपल्या स्वतंत्र प्रोग्राममध्ये चालते, कॅमेराही तिच्याकडेच. लॅबव्ह्यू तिला टीसीपीवरून विचारते आणि ती एका ओळीत उत्तर देते: भाग आहे की नाही, कुठे आहे, किती अंश वळलाय. पिक्सेल तारेवर येतच नाहीत, त्यामुळे पातेल्याचा प्रश्नच उरत नाही. एक प्रोग्राम कोसळला तरी दुसरा उभा राहतो आणि पहिल्याला पुन्हा उठवतो. चित्र पडद्यावर दाखवायचंच असेल तर लहान करून पाठवायचं. याला लोक नाकं मुरडतात, कारण हे 'एकत्र वापरणं' वाटत नाही. जिथे दोन माणसं दोन भाषांत काम करणार आहेत तिथे मी हाच सल्ला देतो. वाटणी झाली की भांडणं कमी होतात.

छोट्या नियंत्रकांवर, म्हणजे कॉम्पॅक्टरिओ किंवा २०१३ मध्ये आलेल्या विद्यार्थ्यांच्या मायरिओवर, लिनक्स असतं. तिथे डीएलएलऐवजी एसओ फाइल, आणि ती त्या प्रोसेसरसाठी वेगळी बांधावी लागते. होतं, पण एक आठवडा हाताशी ठेवावा.

लॅबव्ह्यूच्या कुंपणाबाहेर डोकावलं तर हाच प्रश्न इतरांनी वेगळा सोडवलेला दिसतो. लिस्बनमध्ये मेंदूविज्ञानाच्या प्रयोगांसाठी बॉन्साय ही चित्रमय भाषा तयार झाली. २०१५ मध्ये तिच्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. प्राण्याचा माग काढणं हेच तिथलं रोजचं काम असल्यामुळे ओपनसीव्ही नंतर चिकटवलेली नाही, पायातच घातलेली आहे. तिच्या तारांवरून वाहणाऱ्या चित्राच्या प्रकाराचं नाव 'आयपीएलइमेज', म्हणजे ओपनसीव्हीच्या पहिल्या सी पिढीतलं. अमेरिकेतल्या 'फर्स्ट' रोबो-स्पर्धेतल्या मुलांसाठी निघालेल्या 'ग्रिप'ने आणखी वेगळी युक्ती काढली. चौकोन मांडून ओपनसीव्हीची साखळी जुळवायची, प्रत्येक पायरीचं चित्र डोळ्यांनी पाहायचं, आणि मन भरलं की त्या साखळीचा जावा, सी++ किंवा पायथनमधला कोड बाहेर काढायचा. म्हणजे चित्रमय भाषा जुळवणीपुरती, चालवायला मजकुराची. त्याच स्पर्धेत रोबो चालवायला लॅबव्ह्यूही चालत होती, हा योग मला गमतीचा वाटतो. सिम्युलिंक या चित्रमय साधनात ओपनसीव्हीचं फंक्शन ब्लॉकमध्ये गुंडाळून देणारी सोय आहे. आणि आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पात सायलॅबसाठी ओपनसीव्हीवर बेतलेली चित्रप्रक्रियेची टूलबॉक्स झाली. सायलॅब मजकुराची भाषा आहे, पण तिथेही फंक्शनागणिक सी++ मधली 'गेटवे' लिहावी लागते. काम तेच, मधलीचं.

परवान्यांबद्दल थोडं. ओपनसीव्ही आधी बीएसडी परवान्याखाली होती, २०२० मध्ये ४.५ पासून अपाची २ खाली आली. दोन्ही धंद्याला मोकळीक देणारे. ओपनसीव्हीशार्पही मोकळाच, पण एमगू सीव्ही जीपीएल तरी घ्या नाहीतर पैसे तरी भरा, असा दुहेरी. फुकट मिळालं म्हणून उचललं आणि यंत्र विकताना वकिलाने थांबवलं, असं नको. 'सिफ्ट' हा जुळणीचा नामांकित अल्गोरिदम वर्षानुवर्षं पेटंटमुळे बाजूच्या खोलीत ठेवला होता. २०२० मध्ये पेटंट संपलं आणि तो मुख्य घरात आला. जुनी पुस्तकं वाचून त्याला अजून घाबरणारे लोक भेटतात.

माझं मत विचाराल तर मोठ्या रॅपरांच्या नादी लागू नये. अडीच हजार अल्गोरिदमांतले एका यंत्राला लागतात दहा-बारा, आणि तेही एकेकटे नाही. पुसट करा, मर्यादा लावा, आकार शोधा, मोजा, असे चार चौकोन लॅबव्ह्यूत मांडून प्रत्येक तारेवर पातेलं इकडून तिकडे करण्यापेक्षा ही चारी कामं मधल्या डीएलएलमध्ये एकाच फंक्शनात करावीत. आत पिक्सेल जातील, बाहेर आकडे येतील. उंबरठा एकदाच ओलांडायचा. यावर लॅबव्ह्यूवाले मित्र रागावतात. त्यांचं म्हणणं, मग चित्रमय भाषेचा उपयोग काय? उपयोग आहे: कॅमेऱ्याचा ट्रिगर, पीएलसीशी बोलणी, ऑपरेटरचा पडदा, नोंदी, अशी एकाच वेळी चालणारी चार कामं तारांनी जुळवण्यात लॅबव्ह्यूचा हात कोणी धरणार नाही. आणि काम नुसतं बारकोड वाचायचं, माप घ्यायचं असेल, तर या सगळ्यात न पडता व्हिजन मॉड्यूल विकत घ्यावं. वाचलेल्या पैशांपेक्षा गेलेले तास महाग पडतात.

मधल्या डीएलएलच्या बाजूने आणखी एक गोष्ट. लॅबव्ह्यूचं नवं रूप म्हणून २०१७ मध्ये एनएक्सजी आली आणि तीन वर्षांनी तिचा विकास थांबवत असल्याचं कंपनीने जाहीर केलं. २०२३ मध्ये कंपनीच एमर्सनने ८.२ अब्ज डॉलरना घेतली. साध्या सी बोलीतली डीएलएल या घडामोडींकडे ढुंकून पाहत नाही. उद्या लॅबव्ह्यूच्या जागी दुसरं काही आलं तरी ती तशीच बोलावता येते.

कसोटी लागते ती शेवटी बसवताना. ऑफिसात चालतं, लाइनवर चालत नाही. कारणं ठरलेली: लॅबव्ह्यू ३२ बिटांची आणि ओपनसीव्हीचं तयार विंडोज पॅकेज ६४ बिटांचं, किंवा चुकून डीबग डीएलएल गेली, जिच्या नावाच्या शेवटी एक 'डी' असतो, किंवा तिथल्या पीसीवर व्हिज्युअल सी++ ची रीडिस्ट्रिब्युटेबलच नाही. लॅबव्ह्यू तुमची डीएलएल सापडत नाही म्हणते, आणि ती तर समोर फोल्डरमध्ये दिसत असते. सापडत नसते ती तिच्या मागची तिसरीच. एका कारखान्यात रात्री अकराला, मॅनेजर शेजारी उभे असताना, हे मी शिकलो. आता मधल्या डीएलएलमध्ये पहिलं फंक्शन नेहमी असं ठेवतो, जे चित्राला हात लावत नाही, नुसता ओपनसीव्हीच्या आवृत्तीचा आकडा परत देतं. नवा पीसी आला की आधी ते एकटं चालवतो. आकडा उमटला की मग लेन्सचं झाकण काढतो.